कॉलेजचा खर्च, कागद आणि तारखा : वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न अशा घरांतून आले आहेत, जिथे आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. पत्रांचा सूर "पैसे नाहीत" असाच असतो. पण पत्र नीट वाचलं की अडचण बरेचदा वेगळी निघते. योजना असते, मूल त्यात बसतही असतं. कागद मात्र उशिरा किंवा उलट्या क्रमाने काढलेले असतात. शिवाय मंजूर रक्कम हाती येईपर्यंतचे चार-सहा महिने कसे काढायचे, याचा विचार कुणी केलेला नसतो. म्हणून उत्तरांत योजनांच्या नावांपेक्षा क्रमावर आणि तारखांवर जास्त भर दिला आहे.

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे, इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. आम्ही धनगर. जातीचा दाखला काढलेला आहे. व्हॅलिडिटी बारावीचा निकाल लागल्यावर काढली तर चालेल ना? माझे वडील शाळेत गेलेले नाहीत. – एक पालक, परभणी जिल्हा

उत्तर : नाही. अर्ज याच वर्षी करा, अकरावी संपायच्या आत. जातीचा दाखला तहसील किंवा उपविभागीय कार्यालयातून मिळतो. जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे तुम्ही म्हणता ती व्हॅलिडिटी, जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश टिकवायला ही व्हॅलिडिटीच लागते. निकालानंतर सगळ्या जिल्ह्यातले अर्ज एकदम समितीकडे येतात. तुमच्या अर्जात एखादी त्रुटी निघाली तर ती दुरुस्त होईपर्यंत प्रवेश फेऱ्या उरकलेल्या असतात. मग तीच मुलगी खुल्या गटात मोजली जाते, जागाही जाऊ शकते आणि फीची सवलतही. काही वर्षी सरकारने व्हॅलिडिटी जमा करायला मुदतवाढ दिली आहे. पण ती मिळेलच असं धरून बसू नका.

आता अर्जाबद्दल. तो ऑनलाइन भरायचा, छापील प्रत काढायची आणि कॉलेजमार्फत पाठवायची. विद्यार्थ्याचा अर्ज नमुना १६ मध्ये असतो. त्याला वंशावळीचं शपथपत्र (नमुना ३), माहिती खरी असल्याचं शपथपत्र (नमुना १७) आणि प्राचार्यांच्या सहीचं प्रमाणपत्र (नमुना १५-अ) जोडावं लागतं. कॉलेजच्या ऑफिसात "पंधरा-अ द्या" एवढं म्हटलं तरी क्लार्कला कळतं.

खरं काम आहे पुराव्याचं. प्रत्येक प्रवर्गासाठी एक मानीव दिनांक ठरलेला आहे : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. धनगर भटक्या जमातींत मोडतात, म्हणून तुम्हाला १९६१ ची तारीख लागू आहे. त्याआधी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं आणि जात तीच होती, हे दिसायला हवं. वडील शाळेत गेले नाहीत म्हणून वाट बंद होत नाही. वडिलांचे सख्खे किंवा चुलत भाऊ, आजोबांचे भाऊ, यांपैकी कुणी चौथीपर्यंत जरी शिकलं असेल तरी त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्ममृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. मोडी लिपीतली नोंद सापडली तर मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं, त्याला आठ-पंधरा दिवस धरा. पित्याकडच्या रक्तनात्यातल्या कुणाकडे, म्हणजे तुमच्याकडे, तुमच्या सख्ख्या भावाकडे किंवा चुलत्याकडे आधीच व्हॅलिडिटी असेल, तर तो सगळ्यांत भक्कम पुरावा. आईकडचे कागद इथे उपयोगाचे नाहीत.

अर्ज अडतात ते सहसा तीन ठिकाणी. पहिलं, नावं : उताऱ्यात "रामा", सातबाऱ्यावर "रामराव", मतदार यादीत "रामजी". ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं शपथपत्र सुरुवातीलाच लावा, त्रुटी निघायची वाट पाहू नका. दुसरं, शाळेच्या रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात नुसतं "हिंदू" लिहिलेलं. त्या उताऱ्याच्या जोडीला दुसरा जुना कागद हवाच. रजिस्टरमध्ये आत्ता दुरुस्ती करून घ्यायच्या फंदात पडू नका. ताज्या शाईतली दुरुस्ती दिसली की समितीला शंका येते आणि प्रकरण दक्षता पथकाकडे जातं. तिसरं कारण अगदी किरकोळ, पण घात करणारं. फॉर्म भरून देणारा केंद्रचालक घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकतो. समितीचं त्रुटीपत्र त्याच्या ईमेलवर पडून राहतं आणि घरी सगळे "अजून काही आलं नाही" म्हणून वाट बघतात. फॉर्म सबमिट करण्याआधी स्क्रीनवर नंबर स्वतः वाचा. पासवर्ड मुलीच्या वहीत लिहून ठेवा.

नॉन-क्रीमी लेयर दाखलाही लागेल, म्हणजे तुमचं घर मागास प्रवर्गातल्या सधन गटात मोडत नाही असं सांगणारा. पण तो आत्ता नको. त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेशाच्या वेळी चालू आर्थिक वर्षात वैध असलेला दाखला मागतात. तो बारावीच्या परीक्षेनंतर, एप्रिलमध्ये काढा.

प्रश्न : उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी एकच का? – पालक, बीड

उत्तर : नाही, आणि इथे पुष्कळ जण गोंधळतात. नॉन-क्रीमी ठरवताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेत धरत नाहीत. तिथे नोकरीचा दर्जा आणि इतर उत्पन्न बघतात. शिष्यवृत्तीला लागतो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि त्यात सगळंच उत्पन्न येतं. त्यामुळे एखाद्या घराला नॉन-क्रीमी मिळतं, पण शिष्यवृत्तीच्या मर्यादेत ते बसत नाही. दोन्ही दाखले वेगवेगळे काढा आणि दोन्हींवरचं नाव आधारप्रमाणेच आहे ना, ते पाहा.

प्रश्न : महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) माझा अर्ज मंजूर दाखवतोय, मैत्रिणींचे पैसे आले, माझे नाहीत. कॉलेज म्हणतं समाज कल्याणला विचार, समाज कल्याण म्हणतं बँकेत जा. बँकेत म्हणतात आधार लिंक आहे. – बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बँकेचं म्हणणं खरं असू शकतं आणि तरीही पैसे येणार नाहीत. कारण आधार दोन प्रकारे जोडलेलं असतं. एक, केवायसीसाठी खात्याला आधार जोडणं. दुसरं, थेट लाभ हस्तांतरणासाठी (डीबीटी) त्या आधारची नोंद एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या मॅपरमध्ये, म्हणजे कुठल्या आधारला कुठलं खातं या यादीत, असणं. सरकारी पैसे खाते क्रमांक बघत नाहीत. ते आधार क्रमांक बघून मॅपरमध्ये जे खातं नोंदलेलं असेल तिथे जातात. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर लॉगिन करून "बँक सीडिंग स्टेटस" उघड. तिथे कुठली बँक दिसते आणि ती "ॲक्टिव्ह" आहे का, हे पाहा. बरेचदा तिथे भलतीच बँक निघते : शाळेत असताना काढलेलं झिरो बॅलन्सचं खातं, नाहीतर सिम कार्ड घेताना उघडलं गेलेलं पेमेंट बँकेचं खातं. मॅपरमध्ये सर्वांत शेवटी जोडलेलं खातंच चालतं, आधीचं आपोआप सुटतं. तुझे पैसे त्या विसरलेल्या खात्यात आधीच पडलेले असण्याची बरीच शक्यता आहे. आधी तिथलं पासबुक भरून बघ.

खातं चुकीचं असेल तर ज्या शाखेत पैसे हवेत तिथे जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग"चा संमती अर्ज लेखी दे आणि पोच घे. "आधार लिंक करा" एवढंच तोंडी सांगितलंस तर ते पुन्हा केवायसीच करतील. स्टेटस बदलायला काही दिवस लागतात. बदलल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय काम झालं असं समजू नकोस.

आणखी एक ठिकाण तपास. खातं अजून "स्मॉल अकाउंट" प्रकारातलं आहे का? पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या अशा खात्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही. शिष्यवृत्तीची मोठी रक्कम आली की ती परत जाते आणि अर्जापुढे नुसतं "फेल" येतं. पूर्ण केवायसी केली की खातं साध्या बचत खात्यात बदलतं.

तू अनुसूचित जातीची असशील तर हेही लक्षात घे. २०२१ पासूनच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे, आणि केंद्राचा हिस्सा थेट तुझ्या खात्यात येतो. म्हणजे एकाच वर्षाची रक्कम दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या वाटांनी येते. त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती आपलीच समजून खर्च झाली आणि परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी कॉलेजने बाकी दाखवली, असं दर वर्षी कितीतरी मुलांचं होतं. पैसे आले त्याच आठवड्यात फी भर आणि पावती घे. तुझ्या खर्चासाठी आहे तो वार्षिक शैक्षणिक भत्ता. तो अभ्यासक्रमाच्या गटानुसार घरून ये-जा करणाऱ्याला २,५०० ते ७,००० आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ४,००० ते १३,५०० रुपये असतो. बी.एस्सी.सारख्या पदवीला तो खालच्या गटांतला मिळतो. त्यावर वर्ष निघत नाही, हे आधीच धरून चाल.

प्रश्न : मुलीला कॅप राउंडमधून इंजिनिअरिंग मिळालं. आम्ही ओबीसी, उत्पन्न सहा लाखांच्या आत. मुलींना शंभर टक्के फी माफ म्हणतात, पण कॉलेज पूर्ण फी मागतंय आणि मूळ कागदही जमा करून घेतले. – एक आई, सोलापूर

उत्तर : ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. आधी हा लाभ पन्नास टक्के होता. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातले, संस्था स्तरावरचे प्रवेश आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. तुमची मुलगी बसते.

मात्र "फी माफ" या शब्दाने फसू नका. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. कॉलेजच्या फीपत्रकात त्याखेरीज विकास शुल्क, अनामत, जिमखाना, विमा, गणवेश, बस, वसतिगृह अशा ओळी असतात. म्हणून पहिलं काम : प्रवेशाआधी शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला मंजूर केलेली फी बघा आणि कॉलेजकडून ओळवार फीपत्रक लेखी मागा. शिक्षण शुल्काच्या ओळीपुढे शून्य यायला हवं. बाकीच्या ओळींची बेरीज म्हणजे तुमचा खरा खर्च.

पूर्ण फी आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ, असं कॉलेज म्हणत असेल तर भांडू नका. प्राचार्यांच्या नावाने एक पानी अर्ज द्या. त्यात मुलीचा कॅपचा प्रवेश क्रमांक, प्रवर्ग, उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक आणि शासन निर्णयाची तारीख लिहा आणि सोबत हमीपत्र जोडा : शिष्यवृत्ती आमच्या चुकीने नामंजूर झाली तर फी भरू. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत हाती घ्या. तरीही ऐकलं नाही तर तीच प्रत जोडून तंत्रशिक्षण विभागाच्या सहसंचालकांकडे तक्रार करा. तोंडी तक्रारीला तिथे काही अर्थ नाही. मूळ कागदांचं म्हणाल, तर ते तपासून परत द्यायचे असतात. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेला ते ठेवून घेता येत नाहीत. आजच परत मागा, नाहीतर वसतिगृहाच्या अर्जाच्या वेळी अडाल.

आणि महाडीबीटीचा अर्ज मुलीला स्वतः भरावाच लागेल, दर वर्षी नूतनीकरणासह. माफी आपोआप होत नाही.

प्रश्न : आश्रमशाळेतून बारावी झालेली मुलं पुण्या-नाशिकला प्रवेश घेतात आणि दिवाळीला घरी आली की परत जात नाहीत. फी तर भरावी लागत नाही. मग अडतं कुठे? – एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : सर, तुम्ही दिवाळी म्हणालात त्यातच उत्तर आहे. फी माफ असते, पण खोली आणि जेवण रोख लागतं, आणि सरकारी रक्कम बहुधा दिवाळीनंतर येते. मूल जुलैत शहरात पोचतं. हातातले पैसे सप्टेंबरात संपतात. ऑक्टोबरात मेसवाला वही दाखवतो. घरी सांगायची लाज वाटते, म्हणून ते सुट्टीला येतं आणि शेतात कामाला लागतं.

यावर दोन गोष्टी करता येतात. पहिली, अर्जांचा क्रम. अनुसूचित जमातीच्या मुलांनी आधी आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहासाठी ऑनलाइन अर्ज करायचा. जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर बारावीनंतरच्या मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत राहणाऱ्याला भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी अशीच भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना समाज कल्याणकडे आहे, आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. तिन्हींत एक अट सारखी : मूल त्याच शहरातलं रहिवासी नसावं. वसतिगृह आणि ही रक्कम दोन्ही एकदम मिळत नाहीत. अर्ज अडतो तो भाड्याच्या कागदावर. चार मुलं मिळून खोली घेतात, करार एकाच्याच नावावर असतो आणि बाकी तिघांकडे पुरावा नसतो. करार करतानाच चौघांची नावं टाकायला सांगा.

दुसरी गोष्ट, जूनमध्येच मुलासोबत बसून पहिल्या चार महिन्यांचा हिशेब मांडा. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं तर अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं मिळून साधारण ६,००० ते ८,०००, मेस महिन्याला ३,००० च्या पुढे, बस पास, गणवेश नाहीतर ॲप्रन, झेरॉक्स आणि वह्या, घरी एक फेरी. चार महिन्यांचे २५,००० ते ३०,००० होतात. हा आकडा जूनमध्ये घरच्यांना कळला तर त्यावर विचार तरी होतो. दिवाळीत कळला तर मूल कॉलेज सोडून आलेलं असतं.

याच मुलांची व्हॅलिडिटी स्वतंत्र अनुसूचित जमाती पडताळणी समितीकडे असते आणि तिला सहसा जास्त वेळ लागतो. त्यामुळे अकरावीच्या पहिल्या सत्रातच सगळ्या वर्गाचे अर्ज एकदम करून घ्या. पूर्वी चालीरीती, बोली, देवदेवता विचारून होणाऱ्या आप्तभाव चाचणीवर बरंच अवलंबून असे. २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती चाचणी एकमेव कसोटी नाही, असं स्पष्ट केलं. जुना कागद भक्कम असेल तर तोच पुढे ठेवा.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बारावी सायन्सला. तालुक्याला क्लास नाही. एमएचटी-सीईटी (इंजिनिअरिंगची राज्य प्रवेश परीक्षा) क्लासशिवाय होईल का? – विद्यार्थी, किनवट

उत्तर : होईल, पण अभ्यासाच्या आधी पेपर समजून घे. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, वेळ ९० मिनिटं. भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे, त्यालाही ९० मिनिटं. एकूण गुण २००, त्यातले निम्मे एकट्या गणिताचे. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरवून दिलेल्या धड्यांवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

भौतिक-रसायनाचा पेपर मराठीतून मागता येतो, पण गणित इंग्रजीतच असतं. मराठी माध्यमाची मुलं इथे अडखळतात, आणि अडखळतात ती गणिताला नव्हे, शब्दांना. दहावीला तू वर्गसमीकरण, अंकगणिती श्रेढी, निश्चयक, स्पर्शिका, जीवा हे सगळं शिकलास. पेपरात तेच क्वाड्रॅटिक, अरिथमेटिक प्रोग्रेशन, डिटरमिनंट, टँजंट, कॉर्ड होऊन येतं. एक दोनशे पानी वही कर. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी स्पेलिंग, खाली एक छोटं उदाहरण. धडा शिकतानाच रोज पाच शब्द. दिवाळीपर्यंत वही भरेल.

परीक्षा संगणकावर असते आणि माऊस हातात नीट बसलेला नसेल तर वेळ फुकट जातो. शाळेच्या संगणक कक्षात शनिवारी दीड तास मागून घे आणि सीईटी सेलच्या संकेतस्थळावरची सराव चाचणी पूर्ण वेळ लावून सोडव. कच्चं काम कागदावर, उत्तर पडद्यावर, ही सवय आधी व्हायला हवी. तू ओबीसी, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातला असशील तर महाज्योती ही संस्था दहावीनंतर सीईटी-नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅबही. बारावीत पोचलेल्याला ती वेळ गेलेली असते. धाकटा भाऊ-बहीण दहावीला असेल तर निकाल लागताच जाहिरातीवर लक्ष ठेव.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजांचा पसंतीक्रम भरतात तो) "टी" ने संपणारे कोड दिसतात ते काय? भरावेत का? – पालक, जळगाव

उत्तर : त्या शिक्षण शुल्क माफीच्या जागा, टीएफडब्ल्यूएस. मंजूर जागांवर ५ टक्के जादा, उत्पन्न ८ लाखांच्या आत, निवड फक्त गुणवत्तेवर. खुल्या गटातल्या आणि ओबीसी मुलांनी जरूर भराव्यात, नेहमीच्या कोडच्या वर. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना फीची सोय दुसरीकडून असल्याने या जागेसाठी वरची शाखा किंवा कॉलेज सोडू नये. या जागेवर नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही.

आणखी एक सांगतो. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम, दुसरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही मिळाला की तो घ्यावाच लागत होता. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत हा नियम बघा. "बघू तरी" म्हणून वर टाकलेलं कॉलेज मिळालं की मग माघार नसते.

प्रश्न : शेतमजूर आहोत, जमीन नाही. बँक तारण मागते. – यवतमाळ

उत्तर : बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा वाटाही भरावा लागत नाही. तरी नकार दिला तर कारण लेखी मागा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, सरकारच्या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्याला तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही व्याज सवलत नाही. म्हणून आधी शिष्यवृत्तीतून काय भागतं ते मांडा आणि फक्त उरलेल्या रकमेचं कर्ज काढा.

प्रश्न : आम्ही काही मराठी कुटुंबं परदेशात आहोत. गावाकडच्या पाच-सात मुलांची फी भरायची इच्छा आहे. कुठे आणि कसे पैसे द्यावेत?

उत्तर : फी भरू नका. वर बघितलंत तसं, फीची सोय बहुतेक मुलांना आहे. रिकामे आहेत ते जुलै ते डिसेंबरचे महिने. प्रत्येक मुलामागे ३०,००० रुपये धरून फिरता निधी करा. जुलैत १०,०००, मग ऑगस्टपासून दर महिन्याला ४,०००. शिष्यवृत्ती किंवा स्वयं-स्वाधारची रक्कम आली की मूल जमेल तेवढं परत करेल आणि तेच पैसे पुढच्या वर्षीच्या मुलाला जातील. परतफेडीची सक्ती नको. काहींची रक्कम वर्षभर येतच नाही, आणि त्या मुलांवर दडपण आलं तर ती फोन उचलणं बंद करतात. मुलं गावाकडच्या शिक्षकाला निवडू द्या, तिथे बसून गुणांवरून निवडू नका.

राहायची आणि जेवायची सोय झाली की शिक्षण टिकतं, हे महाराष्ट्राला नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली आणि भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतही वसतिगृहालाच महत्त्व दिलं.

पैशांच्या वाटेबद्दल नीट समजून घ्या. तुमच्यापैकी जे अजून भारतीय नागरिक आहेत, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी अंशदान धरले जात नाहीत. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं आहे, ओसीआय कार्ड असलं तरी, त्यांचे पैसे विदेशी अंशदान ठरतात. ते फक्त एफसीआरए (विदेशी अंशदानाचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेच्या त्यासाठीच्या खात्यात द्या. दोन्ही प्रकारचे पैसे एका खात्यात मिसळलेत तर गावाकडची संस्था अडचणीत येते.

पैशांइतकाच एक माणूसही द्या. पाच मुलांमागे एक जण, आठवड्यातून एक ठरलेला फोन, रविवारी सकाळी. विचारायच्या गोष्टी चारच : महाडीबीटीचा अर्ज कुठे अडकलाय, सीडिंग स्टेटस ॲक्टिव्ह आहे का, हजेरी ७५ टक्क्यांच्या वर आहे का, आणि मेसचे पैसे दिलेत का. चौथा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा.